माझे कडक उपवास आणि तीन किलोमीटरची धाव

मला लघवी धरवत नव्हती. खोकलं, शिंकलं, खळखळून हसलं, धान्याचा डबा उचलला, की थोडी व्हायचीच. एवढं लिहून मी उठले, दारातून डोकावून कुणी येत नाही ना ते बघितलं आणि परत येऊन बसले. सगळं होऊन गेलं तरी ही तऱ्हा.

लेक म्हणाली, आई तू लिही, दुसऱ्या कुणाला तरी उपयोग होईल. उपयोगाचं मला माहीत नाही. पण आमच्या भागात अमकीची गर्भाची पिशवी काढली, तमकीची काढायची आहे, हे बायका आठवडी बाजारात भेंडी निवडता निवडता सांगतात. हे दुखणं मात्र कुणी कुणाला सांगत नाही. मीही सांगितलं नाही. त्यापायी जे झालं ते लिहिते.

गिरणी

गेवराई तालुक्यातल्या एका गावात आमची पिठाची गिरणी आहे. माझे मालक, हणमंतराव, टेम्पो चालवतात आणि बरेचदा बाहेर असतात. गिरणी मीच बघते. साडीवर त्यांचा जुना शर्ट घालायचा, डोक्याला फडकं बांधायचं, आणि लाईट आली की बटण दाबायचं. आमच्याकडे लाईट तिच्या मर्जीनं येते आणि मर्जीनं जाते. ती आली की सगळ्या गल्लीतले डबे एकदम दारात येतात, आणि ती जायच्या आत सगळ्यांची दळणं झाली पाहिजेत.

जातं फिरायला लागलं की जागा सोडता येत नाही. वरचं धान्य संपलं आणि लक्ष नसलं तर दगडावर दगड घासतो, पिठाला जळका वास येतो, मग बायकांच्या तोंडाला कोण लागणार? म्हणून लागली तरी दाबून बसायचं. डबे उचलून वर ओतायचेही मीच. शीतल, आमची एकुलती एक लेक, झाली तेव्हा महिना व्हायच्या आत मी गिरणीत उभी होते. तेव्हापासूनच थोडं थोडं सुरू झालं असणार. मला वाटलं, बाळंतिणीला होत असेल असं, राहील आपोआप.

राहिलं नाही. मी कापडाच्या घड्या घ्यायला लागले. शर्ट लांब असतो हे बरं होतं, आणि गिरणीत पिठाचा वास सगळ्या वासांच्या वर असतो, तेही बरं होतं.

कडक उपवास

माझ्या भावाच्या मुलाच्या हळदीला डीजे लावला होता. भाचेसुनांनी ओढत मध्ये नेलं, आत्या नाचल्याशिवाय हळद लागणार नाही म्हणाल्या. मला नाचायला आवडतं, खरं सांगते. दोन उड्या मारल्या असतील. सतरंजीवर जे झालं ते एका लेकरानं बघितलं आणि ओरडून सांगितलं, "आत्यानं पाणी सांडलं!" कुणीतरी फडकं आणलं. कुणी पुसलं ते मी बघितलंच नाही, मी न्हाणीघरात कडी लावून बसले होते.

त्यानंतर मी कार्यक्रमांना जाणं सोडलं. आणि पाणी पिणं सोडलं. माझं गणित साधं होतं, आत गेलंच नाही तर बाहेर येईल कुठून?

पण आमच्याकडे पाणी न पिणं सोपं नाही. कुणाच्याही दारात पाय ठेवला की आधी तांब्या समोर येतो. नको म्हटलं की समोरची विचारते, "कावून, आमच्या घरचं पाणी चालत न्हाई का?" मग मी उपाय काढला. उपवास धरला. साधा नाही, दिवस मावळेपर्यंत निर्जळी. आधी सोमवार, मग गुरुवार, चतुर्थी, एकादशी, दोन्ही नवरात्रं. उपवास आहे म्हटलं की कुणी आग्रह करत नाही, उलट हात जोडतात.

आणि त्यांनी खरोखर हात जोडले. गावात माझं नाव झालं. "लई कडक उपवास असतेत बाईचे, थेंब न्हाई घेत." सवाष्ण म्हणून पहिलं बोलावणं मला यायला लागलं. नव्या सुना गिरणीत पाया पडायच्या, आणि मी शर्टाखाली ओली घडी घेऊन त्यांना आशीर्वाद द्यायचे. या आजारात मला ज्या ज्या गोष्टींची लाज वाटली त्यात ही सगळ्यांत मोठी.

आणखी एक आहे. बेबीताई अंगणवाडीत आहे, माझी लग्नापासूनची मैत्रीण. ती बौद्ध आहे, तिच्याकडे सोमवार-चतुर्थी काही नाही. तिच्या घरी मी दर दोन दिवसांनी चहाला जायचे. तिला उपवासाची थाप मारायला जीभ रेटेना, म्हणून मी जायचंच कमी केलं. कधी गेले तर तांब्या तसाच ठेवून उठायचे. तिला काय वाटत असेल याचा विचार माझ्या डोक्यात एकदाही आला नाही. माझं सगळं ध्यान माझ्या घडीकडे.

"खोका बरं"

श्रावणात चार-पाच दिवस अंगात कणकण होती. लघवीला आग होत होती, तीही मी अंगावर काढली. सोमवारी गिरणी चालू असतानाच डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी खाली बसले ते बसलेच. जातं कोरडं फिरायला लागलं, त्याचा आवाज ऐकून लोक धावत आले. आमचे मालक नशिबानं गावातच होते. त्यांनी टेम्पोतच घालून मला बीडला नेलं.

तिथल्या डॉक्टरबाई वयानं शीतलएवढ्या. ताप बघितला, कमरेच्या वर मागून बोटांनी ठोकलं, मी कळवळले. "मावशी, पाणी किती पिता?" मी म्हणाले, "उपवास असतेत माझे." त्यांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघत विचारलं, "देवासाठी पीत नाही, का लघवी होते म्हणून पीत नाही?"

एवढ्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी पदराचं टोक चावत बसले. त्यांनी मालकांना बाहेर पाठवलं, पडदा ओढला आणि मला टेबलावर घेतलं.

"खोका बरं."

मी घशातल्या घशात खोकले. सगळं अंग आवळून धरलं होतं.

"असं नाही. जोरात. घरी खोकता तसं."

खोकले, आणि झाली. त्यांच्या हातमोज्यावर झाली. माझ्या तोंडून "सॉरी, सॉरी" निघालं. मी आयुष्यात कुणाला सॉरी म्हणाले नव्हते. डॉक्टरबाई म्हणाल्या, "सॉरी काय त्यात? मला हेच बघायचं होतं." मग मी रडले, आणि रडताना परत झाली.

लघवीत जंतू झाले होते, पाणी न प्यायल्यामुळे ते वर मूत्रपिंडापर्यंत गेले होते. आणि त्याच्या मुळाशी हे, की अंग, म्हणजे आतली गर्भपिशवी, खाली आलेलं होतं. ताप उतरल्यावर टाके घालून आत आधार देता येतो म्हणाल्या. कधीपासून आहे, विचारलं. मी लेकीचं वय सांगितलं. त्यांनी माझा परकर नीट केला.

मालकांना त्यांनीच सांगितलं. ते आत आले ते तावातच. "ह्या बाईला सांगितलंस, मला न्हाई सांगितलंस?" मी भिंतीकडे बघत राहिले. मग त्यांचा आवाज खाली आला. "तू खाट हलवलीस तवापासून मला वाटलं, तुला माझा कंटाळा आला." खाट मी वासामुळे हलवली होती. हे त्यांना सांगायला मला आणखी दोन दिवस लागले.

वॉर्ड

जनरल वॉर्ड, दोन्ही बाजूंना खाटा. ऑपरेशननंतर मला नळी लावली आणि लघवीची पिशवी खाटेच्या कडेला सगळ्यांना दिसेल अशी टांगली. जी गोष्ट मी घड्यांमध्ये, शर्टाखाली, देवाच्या नावाखाली लपवली ती तिथं उघड्यावर लोंबत होती. नर्सबाई सकाळी यायच्या, पिशवी उचलून उजेडात धरायच्या आणि पार पलीकडच्या खाटेपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायच्या, "शाब्बास मावशी, लई छान झालीय आज!" पहिल्या दिवशी मी डोक्यावरून चादर घेतली. तिसऱ्या दिवशी समोरच्या खाटेवरची म्हातारी मला विचारायला लागली, "आज किती झाली गं?" आणि कमी झाली की ती हिरमुसायची. मी तिच्यासाठी पाणी प्यायचे.

गावातल्या बायका भेटायला आल्या. मालकांनी सगळ्यांना "पिशवी काढली" असं सांगून ठेवलं होतं. ते ऐकून कुणाला काही वाटत नाही, कारण निम्म्या गावाची काढलेली आहे. पण उपवासाचं त्यांना काही केल्या समजेना. "एवढं कडक करणारी बाई, आन् देवानं असं कावून केलं?" एकीनं माझ्या मनगटाला दोरा बांधला. मी बांधून घेतला. खरं सांगायची ती वेळ होती आणि मी डोळे मिटून पडले, औषधाची गुंगी आहे असं दाखवून.

बेबीताई एकटी आली, दुपारची. पिशवीतून तिनं पाण्याची बाटली काढली, मग तिला काहीतरी आठवलं आणि तिनं ती परत आत ठेवली. ते मी बघितलं. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला, की या बाईला इतकी वर्षं काय वाटत होतं. मी म्हणाले, "बेबे, दे ती बाटली." ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे, नर्स देईल की." मी हात पुढं करून बसले. मग तिला सगळं सांगितलं, हळदीपासून. ती ऐकत होती आणि तिच्या नाकपुड्या फुलत होत्या. 

"मी घरी रडलेली हाय त्याच्यापायी," ती म्हणाली. "म्हणलं, बाकीच्यांचं सोड, पर ही बी?"

मी बाटली तोंडाला लावली. ती उठून निघाली, दारापर्यंत गेली, आणि तिथून म्हणाली, "मुतायची लाज वाटली तुला, आन् माझं पाणी टाळायची न्हाई वाटली." दुसऱ्या दिवशी ती भाकरी घेऊन परत आली. पण ती बोलली ते बरोबर बोलली, आणि ते अजून माझ्या कानात आहे.

शीतल संभाजीनगरला एका कंपनीत इंजिनियर आहे. ती रजा टाकून आली. तिला नर्सकडून कळलं. खाटेच्या कडेला बसून तिनं विचारलं, "माझ्या पदवीच्या कार्यक्रमाला आली नाहीस, ते यामुळं?"

मी मान हलवली. तेव्हा मी सांगितलं होतं, लग्नसराई आहे, गिरणी बंद ठेवता येत नाही. ती फोनवर म्हणाली होती, "तुला गिरणी हीच लेक आहे, मी कोण?" आणि नंतर तिनं मला कशालाच बोलावणं सोडलं होतं. फोन यायचा, पण औषध-पाण्यापुरता.

"मला वाटायचं तुला माझ्या लोकांत यायची लाज वाटते. साडी, बोलणं, तसलं काहीतरी." ती व्हरांड्यात गेली आणि तोंड धुऊन आली. मग हळूच म्हणाली, "माझ्याच वेळी झालं का हे?"

"तुझ्यामुळं न्हाई. तुझ्या बापाच्या गिरणीमुळं झालं," मी म्हणाले. मालक तिथंच उभे होते. बिचारे खिडकीतून बाहेर बघायला लागले.

आवळायचं आणि सोडायचं

टाके सुकले. वजन उचलायचं कायमचं बंद झालं, आता ज्याचा डबा त्यानंच उचलून ओतायचा. डॉक्टरबाईंनी व्यायाम शिकवला. लघवी अडवताना जसं आवळतो तसं आवळायचं, थोडं धरायचं, सोडायचं. तो कुठंही करता येतो. मी गिरणीत बसून करायचे आणि माझ्या नकळत भुवया वर जायच्या. एक आजी दोनदा म्हणाल्या, "पोटात कळ येती का गं?"

पाणी मात्र लोकांसमोर प्यावं लागणार होतं. पुढच्याच सोमवारी गिरणीत गर्दी असताना मी बाटली काढली. सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"अगं, सोमवार हाय!"

"डॉक्टरनं सांगितलंय."

"सोमवारी बी?"

"सोमवारी बी," म्हणाले आणि प्यायले. खरं कारण सांगितलं नाही. माझी मजल तेवढीच गेली. हळूहळू पाया पडणाऱ्या सुना कमी झाल्या आणि सवाष्णीचं बोलावणं दुसऱ्या एका बाईकडे गेलं. ती खरोखर उपवास करते, तेव्हा ते योग्यच झालं.

शीतलचा फोन आला तो त्यानंतर काही महिन्यांनी. कंपनीचा फॅमिली डे होता, शहराबाहेरच्या थीम पार्कात. तीन किलोमीटरची फन रन. पहिला-दुसरा असं काही नाही, पळा, चाला, गप्पा मारत जा. सगळ्यांचे आईवडील येतात, ती दरवर्षी एकटी जाते. "पळायचं नाही गं. नुसती बघायला ये. सावलीत खुर्ची देते."

खुर्ची म्हटलं आणि मला राग आला. कुणाचा कोण जाणे. मी म्हणाले, "खुर्चीवर मी जन्मभर बसलीय. मला पळायला घेत न्हाईत का?"

मग ती म्हणाली, "आई, येते म्हणून परत ऐनवेळी गिरणी सांगू नको. तसं असेल तर आत्ताच नाही म्हण." तिला माझी खात्री नव्हती, आणि खात्री वाटावी असं मी काही केलेलं नव्हतं. या वेळी चुकले असते तर तिनं परत विचारलं नसतं, हे मला त्या आवाजावरून समजलं.

डॉक्टरबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, आधी चाला, मग मध्ये मध्ये पळा. खाली ओढल्यासारखं वाटलं की थांबायचं. "आणि थोडी झाली तर होऊ द्या, मावशी. ऑपरेशननं तुम्ही नव्या कोऱ्या नाही झालात."

शुगर

आमच्या रस्त्यावर पहाटे पोलीस भरतीची पोरं-पोरी पळतात. त्यांच्यात साडीवरून पळणारी बाई म्हणजे गावाला तमाशाच. मी त्यांच्या आधी निघायचे, साडी, शर्ट आणि शीतलनं पाठवलेले पांढरे बूट. मालक मोटरसायकलवर मागं, अगदी हळू, गाडी पडेल की काय इतकी हळू. मी पडले तर उचलायला म्हणून. कुणी भेटून विचारलं, "वैनी कावून पळाय लागल्यात?" की मालक माझ्या आधी उत्तर द्यायचे, "शुगर हाय तिला." शुगर चालते. शुगर सांगताना माणूस छाती पुढं काढतो. मीही मान हलवायचे. मला शुगर नाही.

पहिल्यांदा खरोखर पळाले त्या दिवशी लाईटच्या दोन खांबांच्या मध्येच झाली. मी तिथंच उभी राहिले. मालकांनी गाडी आडवी लावली, कुणाला दिसू नये म्हणून, आणि मला घरी आणलं. मी न्हाणीत जाऊन रडले आणि शीतलला काय कारण सांगावं ते मनात जुळवायला लागले. टेम्पो बिघडला, पाहुणे आले, पाय मुरगळला. पाय मुरगळला हे बरं वाटलं.

बाहेर आले तर माझे कपडे जागेवर नव्हते. मालकांनी ते बादलीत भिजत घातले होते आणि साबण लावून चोळत बसले होते. आमच्याकडे बाप्या माणसानं बाईचं लुगडं धुतलेलं कुणी बघितलं तर मेल्यावरही नाव निघतं. दार लावून घेतलं होतं त्यांनी. मला म्हणाले, "बघती काय? उद्या जरा कडंनं पळ, मधी खड्डे हायत."

मी दुसऱ्या दिवशी पळाले. पाय मुरगळल्याचं कारण मात्र मनात तसंच जपून ठेवलं.

पार्क

दारातच सिमेंटचे डायनासोर. आत गुलाबी रंगाचा किल्ला, आकाशपाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या, आणि कानठळ्या बसवणारी गाणी. शीतलनं मला काळी पँट आणि कंपनीचा टी-शर्ट दिला होता. आयुष्यात पहिल्यांदा पँट घातली, पाय कुणी वेगळे करून दाखवल्यासारखं वाटत होतं. मालकांनी बघितलं आणि म्हणाले, "पोलीस दिसतीस." ते दाराजवळच्या सावलीत बसले. खुर्ची त्यांना मिळाली.

पळायच्या आधी सगळ्यांना उड्या मारायला लावल्या. मंचावर एक मुलगी, "जोरसे, और जोरसे!" मला हळदीची सतरंजी दिसायला लागली. मी सरकत सरकत डायनासोरच्या मागं गेले आणि उड्या संपेपर्यंत त्याच्या शेपटीला हात लावून उभी राहिले. शीतलनं बघितलं आणि नजर वळवली.

मग शिट्टी झाली आणि सगळे निघाले. पहिला भाग छान गेला. आम्ही दोघी थोडं पळत, थोडं चालत. शीतल येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगत होती, "ही माझी आई." तिचा चेहरा असा मी तिच्या शाळेत बघितला होता, नंतर नाही. तिचे साहेब आणि त्यांच्या मिसेस आमच्यासोबत झाले. साहेब म्हणाले, "काकू, तुम्ही तर आम्हाला मागं टाकाल." मी हसले. हसायला नको होतं. पुढं उतार होता, पाय आपोआप धावले, आणि झाली. थोडी नाही. आता घडीऐवजी घेतलेल्या पॅडच्या बाहेर, मांडीवरून खाली, बुटापर्यंत.

मी थांबले. "पाय मुरगळला" जिभेवर तयारच होतं. साहेब वाकून विचारत होते, "काय झालं काकू, पाय का?" नुसतं हो म्हणायचं होतं. दोघा-तिघांनी उचलून नेलं असतं, बर्फ आणला असता, आणि शीतल मला घेऊन घरी गेली असती. आणि तिला कळलं असतं, की आई परत गिरणीच सांगतेय.

"पाय न्हाई," मी म्हणाले. "शीतल, मला लघवी झालीय. मला बाथरूमला ने."

शीतल लाल झाली. खोटं कशाला लिहू, माझ्या लेकीला त्या क्षणी माझी लाज वाटली आणि ती मला दिसली. साहेब एकदम आकाशपाळण्याकडे बघायला लागले. मग शीतलनं माझं मनगट धरलं आणि आम्ही मागं वळलो. समोरून सगळी माणसं पळत येत होती आणि आम्ही त्यांच्या मधून उलट्या दिशेनं चाललो होतो. मी खाली बघत होते, प्रत्येक जण माझ्या पँटकडेच बघतोय असं वाटत होतं.

आत जाऊन मी कडी लावली. शीतलनं पाठीवरच्या पिशवीतून दुसरी पँट आणि पॅड दाराखालून सरकवलं. तिनं आणलं होतं, मला न सांगता. मी कपडे बदलले आणि तशीच बसून राहिले. बाहेर यायचं नव्हतं. पार्क बंद होईपर्यंत इथंच बसावं, मग अंधारात जावं, असं चाललं होतं डोक्यात.

बाहेर कुणीतरी आलं. साहेबांच्या मिसेसचा आवाज. "शीतल, काय गं, आईंना बरं नाही का? ॲम्ब्युलन्सला सांगू?"

मी श्वास धरून ऐकत होते. ती आता काय सांगते? उन्हाचं, शुगरचं, पायाचं, काहीही सांगितलं असतं तरी मी तिला दोष दिला नसता. मीच तिला ते शिकवलं होतं.

"नको मॅडम," शीतल म्हणाली. कंपनीत ती कधी गावचं बोलत नाही, पण तेव्हा बोलली, आणि चांगली मोठ्यानं बोलली. "आईला लघवी धरवत न्हाई. ऑपरेशन झालंय तिचं. कपडे बदलून येतीय, मग आमी पुढं पळणार हाय."

भिंतीला टेकून मी उभी राहिले. लाज वाटली, इतकी की कानशिलं गरम झाली. आणि त्या लाजेतच मी कडी काढली, कारण पुढं पळणार आहोत असं तिनं सांगून टाकलं होतं.

मॅडमनी माझ्या टी-शर्टवरचा नंबरचा कागद सुटला होता तो नीट टाचला आणि त्या त्यांच्या वाटेनं गेल्या. आम्ही दोघी परत उतारावर आलो तेव्हा बहुतेक सगळे पोचले होते. कचरा उचलणाऱ्या बायका रस्त्यावरचे कागदी पेले गोळा करत होत्या. आम्ही पळायला लागलो. शीतल अर्धं पाऊल पुढं, मी मागं.

"कसं वाटतंय, आई?" तिनं मागं न बघता विचारलं.

"लाज वाटतीय."

तिचा वेग कमी झाला. "अजून? मग थांबायचं का?"

"थांबू नको," मी म्हणाले. "येऊ दे तिला मागनं. तू पळ."